पहिली रायफल घ्यायचीय? आधी कायदा, मग रेंज आणि सगळ्यात शेवटी दुकान

नाशिक : पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, तेव्हापासून गावागावांतल्या पोरांना रायफलचं वेड लागलं आहे. स्वप्निल मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने नाशिकला, भोसला मिलिटरी स्कूलच्या परिसरात गिरवले. त्यामुळे जिल्ह्यात या खेळाची चौकशी जरा जास्तच होते. चौकशी करणारे मात्र बहुतेक वेळा मोबाईलवर परदेशी व्हिडिओ पाहून आलेले असतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "स्वस्तात सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुठली मिळेल?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की भारतात हौशी नेमबाजासाठी तो पर्यायच नाही. आणि खेळाला त्याची गरजही नाही. मग पहिली रायफल कोणती घ्यावी, किती पैसे घालावेत, कोणती परवानगी लागते आणि फसवणूक कुठे होते, याची ही माहिती.

थोडक्यात

- सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही. विनापरवाना बाळगली तर थेट तुरुंग.
- ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही.
- ऑलिम्पिकची १० मीटर एअर रायफल एका वेळी एकच छर्रा सोडते आणि तिची ताकद साधारण ८ ज्यूल असते.
- पहिले तीन-चार महिने रेंजवरची रायफल वापरावी. स्वतःची नंतर घ्यावी.
- पक्षी-प्राण्यांवर छर्रा झाडला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

सेमी-ऑटोमॅटिक का नाही?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप नळीत येऊन बसते. बोल्ट ओढावा लागत नाही. अमेरिकेत अशा रायफली दुकानात मिळतात, म्हणून तिकडच्या व्हिडिओत 'पहिली स्वस्त रायफल' म्हणून त्याच दाखवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. त्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफली कडक वर्गात मोडतात. त्यांचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. नाशिकचे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त असा परवाना देत नाहीत.

परवाना नसलेली बंदूक सापडली तर काय होतं, हे गावठी कट्ट्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नको. हत्यार कायद्याचं कलम ३/२५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान २ ते कमाल ५ वर्षे शिक्षा आणि दंड आहे. प्रतिबंधित शस्त्र असेल तर ७ ते १४ वर्षे. पोलीस भरती, सैन्य भरती, पासपोर्ट, सगळ्यावर पाणी पडतं.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. टेलिग्राम किंवा फेसबुकवर 'सेमी-ऑटो रायफल, लायसन्सची गरज नाही, अर्धे पैसे आधी पाठवा' अशी जाहिरात दिसली की ती सोडून द्यावी. एक तर पैसे जातात आणि माल येत नाही. माल आलाच तर गुन्हा घरात येतो. तक्रार द्यायला जायचीही मग सोय राहत नाही.

आणि खेळाचं म्हणाल, तर स्वप्निलने ज्या रायफलने पदक घेतलं तीसुद्धा सेमी-ऑटोमॅटिक नव्हती. त्या प्रकारात पॉइंट २२ ची रायफल असते आणि प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तिथेही एक छर्रा, एक नेम असंच असतं. रायफलच्या खेळात घाईला किंमत नाही. साठ छर्रे झाडायला सव्वा तास मिळतो.

परवान्याशिवाय काय घेता येतं?

गावाकडे जिला 'छर्ऱ्याची बंदूक' म्हणतात ती एअर रायफल. जत्रेत फुगे फोडायला असते तिचीच सुधारलेली बहीण. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे दोन अटी एकत्र पाळल्या गेल्या तर तिला परवाना लागत नाही.

- बोअर, म्हणजे नळीचं छिद्र, ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. दुकानदार यालाच पॉइंट १७७ म्हणतात.
- छर्रा नळीतून सुटताना त्याची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त नको.

यातली एकही अट मोडली की परवाना लागतो. म्हणून 'पॉइंट २२ एअरगन' म्हणून जी ५.५ मिलिमीटरची बंदूक मिळते, ती हौशी माणसाने परवान्याशिवाय घेऊ नये. 'एअरगनच आहे, काही होत नाही' असं विकणारा म्हणेल, पण नंतर पोलीस ठाण्यात उत्तर द्यायला तो येणार नाही.

ताकद दुकानात कशी ओळखायची? बॉक्सवर बहुतेक वेळा ज्यूल नसतात, वेग लिहिलेला असतो, तोही फूट प्रति सेकंदात. स्पर्धेचा नेहमीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला ९०० फुटांनी सुटला तर ताकद जवळपास २० ज्यूल होते. १००० फुटांनी सुटला तर २४ ज्यूलच्या पुढे जाते. तेव्हा बॉक्सवर '१००० फूट' किंवा '१२०० फूट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल, तर आनंद मानण्याऐवजी प्रश्न विचारावा. २० ज्यूलच्या आत असल्याचं कंपनीचं लेखी पत्र किंवा पावतीवर तशी नोंद मागावी.

खरेदी करताना आधार कार्डाची स्वाक्षरी केलेली प्रत द्यावी लागते. ती द्यायला टाळाटाळ करू नये. पावतीवर मॉडेल, बोअर आणि नंबर लिहून घ्यावा. ही पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून रायफलच्या बॅगेतच ठेवावी आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये असू द्यावा.

जास्त ताकद म्हणजे चांगली रायफल नव्हे

नवखा माणूस इथेच चुकतो. ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर बघतात तसं रायफल घेताना वेग बघतात. नेमबाजीत हिशोब उलटा आहे. ऑलिम्पिकच्या एअर रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताकद ८ ज्यूलच्या आसपास. कायद्याने मोकळ्या असलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही तिची किंमत लाखांत असते.

पैसा जातो अचूकतेवर. १० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेनाने टिंब काढावं तेवढा. पूर्ण गोल टार्गेट साडेचार सेंटिमीटरचं. रायफल पक्की धरून ठेवली तर प्रत्येक छर्रा एकाच भोकातून गेला पाहिजे, तरच नेमबाजाला आपली चूक कळते. नाहीतर चूक आपली की बंदुकीची, हेच समजत नाही आणि पोरगं कंटाळून सोडून देतं. ताकदवान स्प्रिंगची रायफल झटका जास्त देते, भरायला जड जाते आणि नेम हलवते. शिकणाऱ्यासाठी ती तोट्याचीच.

कोणकोणते प्रकार मिळतात?

*स्प्रिंगची रायफल.* नळी मधून मोडून खाली दाबली की स्प्रिंग आवळली जाते. मग छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि नेम धरायचा. पंप, सिलिंडर काही लागत नाही. देशी बनावटीची साधारण ८ ते २० हजारांत येते. शालेय स्पर्धेच्या ओपन साइट गटासाठी आणि घरच्या हौसेसाठी ही पुरते. तोटा म्हणजे स्प्रिंग सुटताना रायफल पुढेमागे हलते, त्यामुळे दर वेळी एकसारखं धरायला शिकावं लागतं. ज्याला हे जमलं त्याचा हात चांगला बसतो, असं प्रशिक्षक सांगतात.

*हवा भरून ठेवायची रायफल.* हिलाच पीसीपी म्हणतात. नळीखाली सिलिंडर असतो, त्यात साधारण २०० बारच्या दाबाने हवा भरतात. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट दाब म्हणा ना. एका भरण्यात शंभरच्या वर छर्रे निघतात, झटका जवळजवळ नसतो. स्पर्धेत सगळीकडे हीच. देशी बनावटीची साधी पीसीपी तुलनेने स्वस्त पडते. पण वाल्थर, फाइनवेर्कबाउ, अन्शुट्झ, स्टायर अशा परदेशी कंपन्यांची स्पर्धेची नवी रायफल दोन लाखांच्या पुढेच जाते. याच गटात नवशिक्यांसाठी हेमरलीची एआर २० सारखी साधी मॉडेल्सही असतात, ती त्याहून कमी किमतीत बसतात.

हवा भरायला हातपंप, कॉम्प्रेसर किंवा मोठा सिलिंडर लागतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर इथे चालत नाही. त्याचा दाब पुरत नाही आणि हवेतल्या पाण्याने आतले भाग खराब होतात. रेंजवर भरून मिळते का, हे आधी विचारावं.

*गॅसची रायफल किंवा पिस्तूल.* छोट्या कार्बन डायऑक्साइडच्या कुप्या लागतात. कुपीचा खर्च चालूच राहतो आणि थंडी-उन्हात दाब बदलतो. निफाडला थंडीत पारा किती खाली जातो हे सगळ्यांना माहीत आहे. शिकायला हा प्रकार घेऊ नये.

परदेशी रायफल परस्पर परदेशी वेबसाइटवरून मागवू नये. ती कस्टममध्ये अडकते. अधिकृत विक्रेता किंवा नेमबाजी संघटना, या मार्गानेच घ्यावी.

खिशाप्रमाणे निवड

*हजार-दोन हजारांत :* रायफल घेऊच नये. रेंजवर काही दिवसांची फी भरून शिकावं. एवढ्या पैशात मिळते ती खेळणी असते.

*१० ते २० हजार :* देशी स्प्रिंग रायफल, ४.५ मिलिमीटर, पुढेमागे साधी साइट असलेली. दुर्बीण लावलेलं मॉडेल घेऊ नये. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

*५० हजार ते सव्वा लाख :* इथे घाई नको. जुनी पण चांगल्या घराण्यातली स्पर्धेची रायफल याच पैशात मिळू शकते. वरचा खेळाडू नवीन घेतो तेव्हा जुनी क्लबमध्येच विकतो. प्रशिक्षकाच्या डोळ्यांखालून गेलेली जुनी स्पर्धा-रायफल ही नव्या चकचकीत शिकारी दिसणाऱ्या रायफलीपेक्षा केव्हाही बरी.

*दोन लाखांच्या पुढे :* मुलगा किंवा मुलगी वर्षभर नियमित सराव करत असेल, जिल्हा-विभाग पार करून राज्यात पोचली असेल, तरच. द्राक्षाचा एक हंगाम चांगला गेला म्हणून पहिल्याच महिन्यात एवढे पैसे घालू नयेत. कर्ज काढून तर नाहीच.

दर कंपनी, आयात शुल्क आणि डॉलर-युरोच्या भावाप्रमाणे हलतात. दोन-तीन विक्रेत्यांकडे लेखी भाव घेऊनच ठरवावं.

अंगाला बसते का, हे आधी पाहा

चप्पल दुसऱ्याच्या मापाची चालत नाही, तशी रायफलही.

*लांबी :* दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून हात पुढे घ्यावा. बोट ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे. ताणून पोचत असेल तर रायफल मोठी आहे. दस्ता पुढेमागे सरकवता येत असेल तर उत्तम, कारण पोरं दर वर्षी वाढतात.

*वजन :* स्पर्धेत कमाल साडेपाच किलो चालतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला चार किलोच्या आतली बरी. दुकानात खांद्याला लावून पाच मिनिटं उभं राहायला सांगावं. मान आणि कंबर दुखली तर ती रायफल त्याची नाही.

*डोळा :* दोन्ही तळहात पुढे धरून मध्ये छोटी फट ठेवावी आणि त्यातून दूरचा विजेचा खांब पाहावा. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो तो मुख्य डोळा. उजव्या हाताच्या माणसाचाही मुख्य डोळा डावा असू शकतो. असं असेल तर खरेदीआधी प्रशिक्षकाला सांगावं. डावखुऱ्यांसाठी दस्ता वेगळा येतो.

*ट्रिगर :* दाबताना आधी थोडा सैल प्रवास, मग एका जागी अडकून हलकेच सुटणारा असावा. खरखर करत, ओढून ओढून सुटणारा ट्रिगर नेम बिघडवतो.

जुनी रायफल घेताना

- सिलिंडरवरची तारीख वाचावी. स्पर्धेच्या नियमांत सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षे धरतात. तारीख उलटली असेल तर नवा सिलिंडर लागेल, त्याची किंमत भावातून कमी करून घ्यावी.
- हवा भरून एक रात्र ठेवावी. सकाळी दाब उतरला असेल तर सील गेले आहेत.
- रायफल आधारावर पक्की ठेवून १० मीटरवरून दहा छर्रे झाडून पाहावेत. सगळे एकाच भोकात किंवा भोकाला चिकटून गेले पाहिजेत.
- मूळ पावती आणि विकणाऱ्याचं लेखी पत्र घ्यावं. नंबर खोडलेला असेल तर हात लावू नये.
- या कंपनीचे सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्ती कोण करतं, हे विचारावं. मुंबई-पुण्याला पाठवावी लागत असेल तर तो खर्चही धरावा.

रायफलनंतरचा खर्च

म्हैस घेताना चाऱ्याचा हिशोब करतात, तसाच इथेही करावा. आठवड्याला पाच दिवस, रोज साठ छर्रे म्हटले तरी महिन्याला बाराशे होतात. स्पर्धेचे छर्रे पाचशेच्या डबीत येतात, म्हणजे अडीच डब्या. सरावाला साधे आणि स्पर्धेला चांगले, असं बहुतेक खेळाडू करतात. छर्रा सपाट डोक्याचा असावा, म्हणजे कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्रे स्पर्धेत उपयोगाचे नाहीत.

पीप साइट गटात उतरायचं तर जाड कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा लागतो. हा संच काही हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढेही जातो. पहिल्या वर्षी जॅकेट आणि हातमोजा पुरतो, तोही जुना चालतो. वाढत्या अंगाच्या मुलाला मापाचं महागडं जॅकेट शिवू नये, वर्षात आखूड होतं.

शिकायचं कुठे?

नाशिक शहरात नेमबाजीची परंपरा जुनी आहे. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून आहे. पिस्तूल प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांच्यासारख्या नाशिककर प्रशिक्षकांनी इथे खेळाडू घडवले. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात त्यांचं निधन झालं. तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्यांनी आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन कोणत्या रेंज सध्या चालू आहेत, फी किती, सुटीच्या दिवशी सराव मिळतो का, हे विचारावं.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मुलांना रोज शहरात येणं परवडत नाही. त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला एनसीसी. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर फायरिंगचा अनुभव फुकट मिळतो. अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली आणि पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. दुसरा मार्ग राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीचा. चाचणीतून निवड होते, राहणं-जेवण-प्रशिक्षण तिथेच. स्वप्निल याच वाटेने वर आला. घरची रायफल नसली तरी ही वाट बंद होत नाही.

स्पर्धेची वाट

शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. एअर रायफलमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. ओपन साइट म्हणजे साधी खाच आणि माशी. पीप साइट म्हणजे मागे बारीक छिद्र असलेली चकती. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, असा क्रम.

संघटनेची वाट वेगळी. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची राज्य स्पर्धा, मग मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. देशाची नेमबाजी संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर तिचे पहिले अध्यक्ष होते, म्हणून स्पर्धेला त्यांचं नाव. तालुक्याच्या मुलाने शालेय वाटेनेच सुरुवात करावी. खर्च कमी आणि मुख्याध्यापकांच्या सहीने प्रवेश होतो.

मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीचा उपयोग दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी आणि राज्य शासनाच्या नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी होतो. पण कोणत्या पातळीची कोणती कामगिरी धरली जाते, हे शासन निर्णयाप्रमाणे ठरतं. कुणी क्लबवाला 'प्रमाणपत्र मिळवून देतो' म्हणाला तर आधी क्रीडा कार्यालयात खात्री करावी.

पॉइंट २२ रायफल कधी?

ही खरी बंदूक आहे, परवाना लागतोच. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहर हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. साधारण वयाची अट २१ वर्षे, स्पर्धेच्या सरावासाठी लहान वयाच्या खेळाडूंना नियमांत वेगळी सोय आहे. पोलीस चौकशी होते, निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करायचा आदेश निघू शकतो. एअर रायफलवर दोन-तीन वर्षे काढल्याशिवाय हा विचार करू नये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं, पण अशा प्रत्येक प्रवासाचा पाया १० मीटरच्या सरावातच असतो.

शेतातल्या पाखरांवर? नाही म्हणजे नाही

द्राक्ष, डाळिंब, मक्याच्या शेतात पाखरं आणि माकडं त्रास देतात, हे खरं. म्हणून काही जण छर्ऱ्याची बंदूक आणतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे संरक्षित पक्षी-प्राणी मारणं, जखमी करणं हा गुन्हा आहे. साधारण ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोरासारख्या अनुसूची एकमधल्या पक्ष्याला मारलं तर ३ ते ७ वर्षे. बागेसाठी जाळी, चकाकणाऱ्या पट्ट्या आणि गोफणीचा आवाज हेच बरे. माकडांचा त्रास वाढला तर वनविभागाकडे लेखी तक्रार करावी आणि नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा.

घरी सराव करताना

एअर रायफल खेळणं नाही. दहा-पंधरा फुटांवरून छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. पुढचे नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत.

- रिकामी असली तरी नळी माणसाकडे, जनावराकडे करू नये.
- नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवावं.
- स्प्रिंगची नळी मोडून छर्रा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरावी. सुटली तर बोटं चिरडतात.
- छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल झाडू नये, आतला भाग फुटतो.
- टार्गेटमागे दगडी भिंत किंवा पत्रा नको, छर्रा उलटा येतो. लाकडी पेटीत वाळू किंवा जुनी रबरी चटई भरावी.
- गोठा, अंगण, पायवाट यांच्या दिशेने नेम नको. चुकलेला छर्रा शे-दोनशे मीटरच्या पुढेही जातो.
- सगळ्यांनी चष्मा लावावा.
- छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नयेत, सरावानंतर साबणाने हात धुवावेत, मगच भाकरीला हात लावावा.
- सराव झाला की रायफल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात.

रस्त्याने नेताना रायफल बंद बॅगेतच हवी. सोबत पावती, आधार आणि क्लबचं ओळखपत्र असावं. सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सार्वजनिक जागी शस्त्र बाळगायला बंदी घालणारे आदेश निघतात. त्या दिवसांत रायफल खांद्याला लावून फिरणं, लग्नाच्या वरातीत मिरवणं, रील बनवणं हे सगळं अंगाशी येतं. परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही काढता येते असा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुलीला हा खेळ जमेल का?* जमेल. यात पळायची ताकद नाही, स्थिर उभं राहायची लागते. महाराष्ट्राची नेमबाजीतली मोठी नावं पाहिली तर त्यात मुलींचीच संख्या भरते.

*चष्मा आहे, चालेल का?* चालेल. तपासलेल्या नंबरचा चष्मा मात्र लावावा.

*कोणत्या वयात सुरू करावं?* दस्ता आणि वजन झेपलं पाहिजे. साधारण दहा-बारा वर्षांपासून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.

*रायफल नसताना घरी काय करता येईल?* रोज दहा मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत स्थिर उभं राहणं, श्वास आवरणं, पाठ आणि खांद्याचे व्यायाम. पहिल्या महिन्यात रेंजवरही हेच शिकवतात.

पैसे मोजण्याआधी

दुकानात पाय ठेवण्याआधी चार उत्तरं कागदावर लिहिलेली असावीत. रेंजवर किमान तीन महिने सराव झाला का? प्रशिक्षकाने कोणती रायफल सुचवली? हवा भरायची आणि दुरुस्तीची सोय कुठे आहे? महिन्याचा छर्ऱ्यांचा खर्च घरच्या हिशोबात बसतो का? चारही उत्तरं मिळाली तर १५ हजारांची देशी रायफलसुद्धा मुलाला जिल्ह्याच्या संघापर्यंत नेऊ शकते. उत्तरं नसतील तर तीन लाखांची जर्मन रायफलही कपाटावर धूळ खात पडते, आणि घरात ठेवलेलं न वापरलेलं हत्यार हा फक्त धोका असतो.